कॅम्पिंगसाठी स्वस्तातली सेकंड हँड वॅगन घेताय? मग गाडी डिकीकडून बघायला सुरुवात करा

गोव्यात सेकंड हँड गाडी बघायला गेलं की ठरलेला प्रकार असतो, मालक बॉनेट उघडतो, सेल्फ मारतो, दोनदा रेस करून दाखवतो, सोबत आणलेला मेस्त्री कान लावून ऐकतो आणि इंजिन बरं आहे म्हणतो, झालं, तिथेच अर्धा व्यवहार झालेला असतो. रोज पणजीला ऑफिसला जायला घेत असाल तर चालेल हे. पण ज्या गाडीत तुम्ही झोपणार, सामान भरणार, आंबोली, दांडेली, गोकर्ण, जमलं तर थेट हंपीपर्यंत जाणार ती गाडी मागून बघायची. माणूस मागे झोपतो, वजन मागे बसतं, पाणी बहुतेक वेळा मागूनच शिरतं आणि गंज पण लपलेला तिकडेच असतो. इंजिन दुरुस्त होतं हो, त्याचे पार्ट मिळतात, मेस्त्री मिळतात. सडलेला पत्रा आणि गळणारी डिकी मात्र दर पावसाळ्यात परत पैसे मागते.

तर जाताना मेजरिंग टेप, एक चटई, टॉर्च आणि तुमच्यातला सगळ्यात उंच माणूस घेऊन जा. पुढच्या सीट पूर्ण पुढे ढकला, मागच्या दुमडा आणि त्या माणसाला सरळ झोपायला सांगा, मालक हसला तरी हसू दे. सहा फूट म्हणजे १८३ सेंटिमीटर, त्यावर उशी आणि पाय हलवायला थोडी जागा धरली तर दोन मीटरच्या आसपास सलग लांबी लागते आणि बहुतेक गाड्यांत ती मिळत नाही, मग तिरकं झोपायचं किंवा पुढच्या सीटच्या मागे राहिलेला खड्डा पाण्याच्या कॅनने नाहीतर सामानाच्या पेटीने भरून काढायचा. रुंदी मागच्या दोन चाकांच्या फुगवट्यांच्या मधे मोजा, दारापाशी नाही, कारण खांदे तिथेच अडकतात. दोघांना ११० सेंटिमीटरच्या खाली अवघड जातं. दुमडलेली सीट सपाट बसते का तिरकी राहते ते बघा, पाच-सहा सेंटिमीटरचा चढ असेल तर फोमने निघतो, त्याहून जास्त असेल तर प्लायचा प्लॅटफॉर्म करावा लागेल आणि मग डोक्यावरची उंची कमी होते, तेव्हा बसून पण बघा डोकं टेकतं का. अजून एक गोष्ट कोणी बघत नाही, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची डिकी आतून उघडत नाही, त्यामुळे मागची दारं आतून नीट उघडतात ना आणि चाइल्ड लॉक अडकलेलं नाही ना हे बघाच, रात्री घाईत बाहेर यायची वेळ आली तर कळेल का सांगतोय.

आता गाडी कुठली. खऱ्या अर्थाने स्टेशन वॅगन म्हणावी, म्हणजे सेडानचंच छत मागपर्यंत नेऊन डिकी लांब केलेली, अशा गाड्या आपल्याकडे फार विकल्याच गेल्या नाहीत. टाटा इंडिगो मरिना, मारुतीची जुनी बलेनो अल्टुरा, ओपेल कोर्सा स्विंग, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी, एवढीच नावं पटकन आठवतात. दिसायला सुंदर, उंची कमी त्यामुळे वळणावर डुलत नाहीत, डिकी लांब, मला स्वतःला त्या फार आवडतात. पण घेण्याआधी एक समजून घ्या, या गाड्यांचा पुढचा अर्धा भाग सेडानचाच असतो म्हणून इंजिन, क्लच, ब्रेकचे पार्ट जुळतात, मरिनाला इंडिका-इंडिगोचं बरंच सामान बसतं, अल्टुराला बलेनो सेडानचं. मागचा अर्धा भाग फक्त त्या मॉडेलचा. मागची काच, टेललाईट, डिकीचं दार, डिकीचं रबर, यातलं काही गेलं तर स्क्रॅपवाल्यांकडे फोन लावत बसायचं. म्हणून अशी गाडी बघताना मागची काच, दोन्ही टेललाईट आणि डिकीचं दार वर धरून ठेवणारे गॅस शॉक शंभर टक्के धड असतील तरच पुढे बोला. आणि या बहुतेक गाड्या आता १५ वर्षांच्या पुढे गेलेल्या, त्या कागदांचं खाली सांगतो.

बाकी ९० टक्के लोकांनी सरळ सात सीटर बघावी असं माझं स्पष्ट मत आहे, तीच आपली वॅगन. २०१२ ला आलेली पहिली अर्टिगा सगळ्यात बिनघोर, मागच्या दोन्ही रांगा दुमडतात, मेकॅनिक पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही मिळतो, घाटाच्या पलीकडे पण. १.३ डिझेल ॲव्हरेजला चांगलं आणि त्याला टायमिंग चेन असते, बेल्ट बदलायचा खर्च नाही, पण गार इंजिन चालू करताना साखळीचा खळखळ आवाज येत असेल तर सोडून द्या. सीएनजी अर्टिगा झोपायला घेऊ नका, सिलिंडर डिकीत बसतो आणि तुमची अर्धी गादी तिथेच गेली. घेणारच असाल तर सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, झालीय का बघा. इनोव्हा दणकट आहेच, लोड घेऊन घाट चढायला तिच्यासारखी नाही, पण स्वस्तात मिळते ती बहुतेक भाड्याला पळालेली आणि तिच्या तिसऱ्या रांगेच्या सीट बाजूला वर दुमडल्या जातात, त्यामुळे रुंदी खातात, मोजल्याशिवाय बोलू नका. शिवाय जुन्या २.५ लिटर डिझेल इनोव्हाला टायमिंग बेल्ट असतो, बदलल्याचं बिल मागा, बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत करा. रेनो लॉजीची आणि ट्रायबरची तिसरी रांग अख्खी काढता येते हे कॅम्पिंगवाल्यांसाठी सोनं आहे, ट्रायबरमधे ती काढली की ६२५ लिटरची डिकी, फक्त तिचं एक लिटरचं पेट्रोल इंजिन चार माणसं आणि सामान घेऊन चोर्ला घाट चढताना दमतं, दोघांच्या ट्रिपला मस्त. होंडा मोबिलिओ २०१७ ला बंद झाली म्हणून किंमत उतरलेली असते आणि गाडी चालवायला छान, चांगली मिळाली तर घ्या. त्याच वर्षी शेवरलेने भारतात विक्री थांबवली, त्यामुळे टवेरा, एन्जॉय कितीही स्वस्त दिसल्या तरी आधी तुमच्या मेस्त्रीला विचारा सामान कुठून आणणार.

आणि ईको. लोक नाक मुरडतात पण सर्वात कमी पैशात सगळ्यात जास्त जागा हवी असेल तर पाच सीटर ईकोच. सरकती दारं, उभी बॉडी, मागे चौकोनी डबा, मागच्या चाकांवर ड्राइव्ह असल्याने भरलेली गाडी चढाला पकड धरते. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे मे महिन्यात खालून गरम होतं, एसी नसलेली घेतली तर फार त्रास. मागची सीट नक्की कशी आणि किती दुमडते ते ज्या गाडीचा व्यवहार करताय तिच्यातच बघा, कारण बऱ्याच ईकोंच्या सीट मालकांनी बदललेल्या असतात.

गंजाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो कारण आपल्या इथे गाडी त्यानेच मरते. खाऱ्या हवेत उभी राहणारी गाडी आणि फोंडा-साखळीकडची गाडी यात फरक पडतो, म्हणून मालकाला विचारा गाडी रात्री कुठे उभी असते, शेडमधे का माडाखाली, किनाऱ्यापासून किती लांब. मग डिकीतली मॅट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्यात टॉर्च मारा. तिथे पाणी, लाल पावडर किंवा नवीन ताजा काळा पेंट दिसला तर सावध, विकायच्या आधी गंज झाकायला काळं फासणं ही जुनी युक्ती आहे. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात, ती मातीने बुजलेली असली की दार आतून सडतं, बोट फिरवा. दाराखालची पट्टी, मागच्या चाकांच्या वरची कमान, डिकीच्या दाराची खालची शिवण, शॉकअप वर जिथे बसतात ती जागा, आणि इनोव्हासारख्या गाडीला खालची चेसिस. शॉकअपच्या जागी किंवा चेसिसला पापुद्रे निघत असतील तर तिथेच नमस्कार करून निघा, कितीही स्वस्त असली तरी. बाकी ठिकाणचा वरवरचा गंज घासून, प्रायमर मारून थांबवता येतो. सडलेला किंवा चेपलेला पत्रा झाकायला भरलेली पुट्टी ओळखायला फ्रिजवरचा साधा मॅग्नेट पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा, पत्र्यावर धरतो, जाड पुट्टीवर सुटतो. टिंकरिंग केलेली, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ केलेली गाडी वाईटच असं नाही, पण डिकीच्या फ्रेमला मागून मोठा ठोका बसलेला असेल तर दार परत कधी नीट बसत नाही आणि मग पाणी आणि धूळ आत येत राहते.

रेंट-अ-कॅबच्या गाड्या. आपल्याकडे काळ्या पाटीवर पिवळ्या नंबरच्या भाड्याच्या गाड्या शेकड्यांनी फिरतात आणि काही वर्षांनी त्यातल्या कितीतरी प्रायव्हेट करून, पांढरी पाटी लावून बाजारात येतात. कागदोपत्री यात काही चुकीचं नाही, पण त्या गाडीने काय सोसलंय ते बघा, दर आठवड्याला नवा ड्रायव्हर, अर्धा क्लच दाबून घाट चढवलेला, आणि कधी कोणी किनाऱ्यावर वाळूत घालून भरतीच्या पाण्यात अडकवलेली. म्हणून आरसीचा इतिहास विचारा, गाडी आधी कमर्शियल होती का, आणि खुणा शोधा. सीट बेल्टच्या बकलच्या खाचेत, सीटच्या रेलमधे, मॅटखाली बारीक वाळू सापडते, व्हॅक्यूम मारला तरी जात नाही. गाडीखाली ब्रेकच्या पाईपवर आणि सायलेन्सरच्या क्लिपांवर गाडीच्या वयाच्या मानाने फारच गंज असेल तर खारं पाणी लागलेलं आहे. अशी गाडी मी तरी घेणार नाही, किंमत पाडून दिली तरी.

तसंच पुराचं. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ ला चिपळूण, आणि त्याच जुलैत आपल्याकडे सत्तरी, बार्देशात पाणी भरलं. त्या वेळी बुडालेल्या गाड्या धुवून पुसून कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात विकल्या जातातच. म्हणून एमएच-०८, ०९, १० नंबरची गाडी आली तर त्या वर्षांची सर्व्हिस आणि इन्शुरन्स क्लेमची हिस्टरी मागा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. सीटचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे जोड, फ्यूज बॉक्स बघा. आतून अत्तराचा उग्र वास येत असेल तर काच बंद करून दहा मिनिटं आत बसा, खालचा कुबट वास वर येतो.

गाडी कधी घ्यावी याचं माझं उत्तर ठाम आहे, पावसाळ्यात, जून ते चवथ म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत. ग्राहक कमी असतात ते एक, पण मुख्य म्हणजे गोव्याचा पाऊस जे दाखवतो ते कुठलाही मेकॅनिक दाखवत नाही. तासभर पावसात उभी असलेली गाडी उघडा आणि डिकीचे कोपरे, छताचं कापड, मागच्या दिव्यांच्या मागची जागा हाताने दाबून बघा. उन्हाळ्यात बघत असाल तर पाईपने वरून पाणी मारा, डिकीच्या रबरवर पाच मिनिटं, आतमधे तुमचा माणूस टॉर्च घेऊन बसलेला. रबराला कागदाचा पट्टा लावून डिकी बंद करा आणि ओढा, सहज निसटला तर तिथे फट आहे. ही फट फक्त पाण्यासाठी वाईट नाही, चालत्या गाडीत सायलेन्सरचा धूर त्याच वाटेने आत ओढला जातो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नसतो. गाडी चालू ठेवून एसी लावून झोपायचं नाही, कधीच नाही, कितीही उकडलं तरी. दोन काचा दोन बोटं खाली करून मच्छरदाणीचं कापड मॅग्नेटने लावायचं. काचांना काळी फिल्म लावू नका, २०१२ पासून सुप्रीम कोर्टाची बंदी आहे आणि चेकपोस्टला हमखास थांबवतात, झोपायच्या वेळेपुरते काढता येणारे पडदे पुरतात.

आता टेस्ट ड्राइव्ह. रिकाम्या गाडीने बांबोळीच्या हायवेवर एक फेरी मारून काहीच कळत नाही. चौघं बसा, मागे पाण्याचे कॅन भरून ठेवा, आणि चढावर न्या, दक्षिणेत असाल तर करमल घाट, फोंड्याकडचे असाल तर मोल्याहून अनमोड, साखळी-केरीवाल्यांना चोर्ला आहेच. वजन भरल्यावर आधी गाडी मागे किती बसली ते बघा, दोन्ही बाजूंना टायर आणि मडगार्डमधे बोटं घाला, एका बाजूला कमी जागा असेल तर स्प्रिंग गेलेली. चढाला चौथ्या गिअरमधे ॲक्सिलरेटर दाबा, आवाज वाढतो आणि गाडी वेग घेत नाही तर क्लच प्लेट संपलीय, किमतीतून तो खर्च वजा करा. टेम्परेचरचा काटा नजरेआड करू नका, वर जाऊन एसी लावून पाच मिनिटं चालू ठेवा, फॅन लागतो का ऐका. उतारावर दुसऱ्या गिअरमधे ॲक्सिलरेटर सोडा, गिअर बाहेर उडतो का, ब्रेक दाबताना स्टेअरिंग थरथरतं का. खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, हात लावू नका, एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. हँडब्रेक पणजीच्या आल्तिनोच्या चढावर तपासा, यापेक्षा चांगली जागा नाही. आणि लांब शेपटाची वॅगन असेल तर रायबंदर-चोडण फेरीबोटीवर एकदा चढवून उतरवा, रॅम्पला मागचा बंपर घासला तर समजा की कॅम्पिंगच्या कच्च्या रस्त्यावर भरलेली गाडी प्रत्येक खड्ड्याला घासणार.

पेट्रोल का डिझेल, तर वर्षाला फार फिरणार नसाल तर पेट्रोल. फक्त जुन्या पेट्रोल गाडीत एक काळजी, आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाईप त्यासाठी बनवलेले नाहीत, इंधनाचे पाईप आणि ओ-रिंग बदलून घ्या, फार खर्च नाही. डिझेल स्वस्त दिसलं तर नंबर बघा, दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंधनं आहेत म्हणून तिकडच्या गाड्या कमी किमतीत इकडे येतात. गंज कमी असतो त्यांना, हे खरं. पण परराज्यातली गाडी म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी, इथे परत रजिस्ट्रेशन, इथला रोड टॅक्स, आणि हे सगळं मिळवलं तर फायदा बऱ्याचदा उरत नाही. सावंतवाडीच्या एमएच-०७ आणि कारवारच्या केए-३० गाड्यांनाही हेच लागू, जवळ आहे म्हणून राज्य बदलत नाही.

कागद बघायला मेस्त्री नको, तुम्हीच बसा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी प्रत्यक्ष जुळवा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून इन्शुरन्स, पीयूसी, रजिस्ट्रेशन कधीपर्यंत आहे ते बघा, ई-चलन बाकी आहेत का बघा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दोन्हींवर मालकाची सही तुमच्यासमोर. मालक लगेच गाडी नावावर करून देत नसेल, नंतर बघू म्हणत असेल तर व्यवहार करू नका. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्या, आणि लक्षात ठेवा नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तो तुम्हाला मिळणार म्हणून कोणी किंमत वाढवत असेल तर ऐकू नका. १५ वर्षांची गाडी असेल तर रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी रिन्यू करावं लागतं, पासिंगसाठी गाडी न्यावी लागते, आणि फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ मधे १०,००० केली. मरिना, अल्टुरा घेणाऱ्यांनी मालकाला आधी रिन्यू करून द्यायला सांगावं, पासिंगमधे अडकली तर त्याची अडचण त्याच्याकडे राहते.

पैशांचं म्हणाल तर हातात दोन लाख असतील तर दीड लाखाच्या वरची गाडी बघूच नका. राहिलेले पन्नास टायर, बॅटरी, ब्रेक, ऑईल, कूलंट, रबर बिडिंग यात जातात, हमखास जातात. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, सहा वर्षांवरचा टायर नक्षी चांगली दिसली तरी बदला, स्टेपनी पण बघा कारण ती कधी कधी गाडीएवढीच जुनी असते. सीट कायमच्या काढून आत पलंग ठोकायचा मोह होतो, तो आवरा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने बदल चालत नाहीत आणि पासिंगला किंवा क्लेमला तेच आडवं येतं. प्लायच्या दोन घडीच्या फळ्या, खाली पाय, ट्रिपवरून आल्यावर उचलून घरात ठेवता येतील अशा करून घ्या, कुठलाही सुतार मोजून करून देईल. फळीखालच्या जागेत पेट्या, आणि जड सामान, पाणी, तांदूळ, पुरुमेंतातलं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांतलं जे काय घेताय ते, मागच्या चाकांच्या पुढे ठेवायचं, एकदम डिकीच्या टोकाला नाही. छतावर फक्त हलकं, चटया, ताडपत्री.

गाडी आणली की लगेच लांब जाऊ नका, एक रात्र घरच्या अंगणात झोपा, दुसरा मुक्काम तारकर्ली किंवा आंबोलीसारखा जवळचा ठेवा, जिथून बिघडली तर टो करून आणता येईल. गोव्यातच करणार असाल तर किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे आणि दंड होतो, मोल्यासारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, म्हणून कोणाच्या बागायतीत विचारून, नाहीतर कॅम्पसाईटवर गाडी लावा. स्टोव्ह गाडीच्या बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. आणि निघायच्या आधी भरलेल्या गाडीत स्टेपनी काढून बघा, कारण कितीतरी गाड्यांत ती डिकीच्या फळीखाली असते आणि तुमचा सगळा संसार तिच्यावर रचलेला असतो, इनोव्हा, अर्टिगासारखी गाडीखाली लटकत असेल तर तिचा स्क्रू गंजलाय का ते अंगणातच कळू दे.